खिडकी क्रमांक तीन

शेवटची तारीख शुक्रवारी ठेवणाऱ्याला
म्हापसा माहीत नसणार.
बाजारात पाऊल ठेवायला जागा नाही
आणि पालिकेच्या जिन्यावर
चोरिसांची माळ, सुक्या बांगड्यांची पुडी, केळ्यांचा घड
काखेत धरून
आमचे सगळे निवृत्त रांगेत.

माझ्यापुढे तीन योजना.
पहिलीत हप्ता कमी, इस्पितळ लांब.
दुसरीत नवराबायको, गुडघेसुद्धा,
पण दात नाहीत, डोळे नाहीत.
तिसरीत डोळे आहेत:
वर्षाला एक तपासणी, दोन वर्षांनी चष्मा,
महिना दोनशे दहा रुपये जादा.
पुण्याहून आलेल्या मुलानं मे महिन्यात
हे सगळं सभागृहात पडद्यावर दाखवलं होतं.
वीज जाऊन येत होती. अर्धे झोपले,
उरलेल्यांनी विचारलं, चहा कधी.

शाणू मयेकर. तीस वर्षं सोपो गोळा केला,
नाणं बोटांनी ओळखायचा, अजून ओळखतो.
"आधीच्या आजाराला दोन वर्षं थांबा म्हणतात.
हे माझ्या मोतीबिंदूला कोण सांगणार?
पालिकेची नोटीस काढा त्याला.
बाजारातला एकही जण मानत नाही,
तो मानतो का बघू."

पिएदाद, खोर्लीची, झाडूवाली.
अवलंबितांच्या रकान्याशी अडली.
"मुलगा स्विंडनला. पैसे तो पाठवतो.
पण रात्री फोनवर रडतो तो, मी नाही.
आता कोण कुणावर ते
तूच लिही गो बाय."
मी रेघ मारली. लिहिलं नाही काही.

मग कायतान. आमचा वायरमन,
चौतीस वर्षं खांबांवर.
दुसऱ्या योजनेवर खूण करूनच आला होता,
फातिमाच्या गुडघ्यांसाठी.
अर्जाखालून आणखी एक कागद सरकवला, तक्रारीचा.
"हे नवे दिवे बसवले कुणी?
एकेका दिव्याभोवती रंगीत कडं उठतं,
आंगडापासून करासवाड्यापर्यंत, एकूण एक खांब.
मी होतो तेव्हा उजेड
आपल्या जागेवर असायचा."

मी रोज त्याच रस्त्यानं घरी जाते.
दिवे साधे आहेत.

आईला समईभोवती अशी कडी दिसायची.
आम्ही म्हणायचो, भाग्यवान आहेस,
आम्हाला नुसती ज्योत दिसते.
बांबोळीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू,
आणि पुढचं तो इंग्रजीत बोलला.

मागं रांग खोकत होती.
अर्जाच्या तळाशी छापलेलं:
खाडाखोड ग्राह्य धरली जाणार नाही.
मी कोरा अर्ज काढला.
"तक्रार नोंदवते, कायतान. पण आता नियम आहे,
दिव्यांची तक्रार करणाऱ्यानं
आधी स्वतःचे डोळे तपासून आणायचे.
सोमवारच्या आत. दाखला जोडायचा."

"कुठल्या कलमाखाली?"

"नवीन आहे."

चौतीस वर्षांत त्यानं एकही परिपत्रक मोडलं नव्हतं.
पुटपुटत तिसऱ्या योजनेवर सही केली.
तीत गुडघेही होते, ते मी दोनदा वाचून दाखवलं.
दोनशे दहाचं मात्र हळू आवाजात.

सहा वाजता खिडकी ओढली.
आत्ताचा वायरमन पोरगा तक्रार घेऊन उभा,
"बाई, या खांबांत दोष नाही. मी काय लिहू?"
"लिही, पाहिले."
"आणि ही तुमची राहिली?"
पेपरवेटखाली माझा अर्ज, कोरा.
चार महिन्यांनी मीही जिन्यावर, केळी घेऊन.

अंगणातला दिवा लागला होता.
मी डावा डोळा हातानं झाकला.
मग उजवा.
मग पुन्हा डावा, जरा जास्त वेळ.